रुग्णाचा जीव कशात अडकला आहे, हे डॉक्टरांनी विचारावे का?

प्रश्न जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा आहे. तो थोडक्यात असा: वॉर्डातले गंभीर रुग्ण विचारतात, 'डॉक्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं?' नातेवाईक उशाखाली अंगारा ठेवतात, दंडाला गंडा बांधतात, एखाद्या महाराजांना दोन मिनिटे आत सोडा म्हणून विनवतात. रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांची दखल घ्यावी, असे पुस्तकांत आता लिहिलेले असते. परंतु हे खरोखर डॉक्टरचे काम आहे का, त्यासाठी वेळ कुठून आणायचा आणि यातून आपण अंधश्रद्धेला खतपाणी तर घालत नाही ना? आणि करायचेच, तर सुरुवात कुठून करायची? मी गेली सव्वीस वर्षे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारांतला त्रास कमी करण्याच्या शाखेत, काम करते आहे. कुणी तिला परिहार सेवा म्हणतात, कुणी उपशामक उपचार. त्या अनुभवावरून हे लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, मात्र हे काम तुम्हाला वाटते तेवढे अवजड नाही. विचारावे, ऐकावे, ऐकलेल्यानुसार उपचारांत जे बदलता येईल ते बदलावे आणि उरलेल्यासाठी योग्य माणूस गाठून द्यावा, एवढेच ते आहे. पाप-पुण्याचा निवाडा करायला, मेल्यानंतर काय होते ते सांगायला किंवा देव आहे की नाही यावर मत द्यायला आपल्याला कुणी नेमलेले नाही. या दोन गोष्टींतली गल्लत झाली की डॉक्टर एक तर उपदेशक होतो, नाही तर घाबरून विषयच टाळतो. दुसरा प्रकार माझ्या पाहण्यात कितीतरी जास्त आहे.

थोडी अडचण शब्दाचीही आहे. मराठीत 'अध्यात्म' म्हटले की प्रवचनाचे व्यासपीठ आणि समोर मांडी घालून बसलेली सेवानिवृत्त मंडळी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे 'आध्यात्मिक गरज' हे शब्द राउंडमध्ये उच्चारले की निवासी डॉक्टर एकमेकांकडे पाहून हसतात. वैद्यकीय ग्रंथांत या शब्दाचा अर्थ पुष्कळ सैल आहे. माझ्या जगण्याला काही अर्थ होता का, माझ्यावाचून कुणाचे काही अडते का, ज्याचे मी बिघडवले त्याने मला माफ केले असेल का, हे दुखणे माझ्याच वाट्याला का आले, हे सारे त्यात येते आणि देव न मानणाऱ्यालाही ते चुकत नाही. मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. घरात एखादे माणूस दिवसेंदिवस अन्नपाण्यावाचून पडून असते, प्राण काही जात नाही, तेव्हा शेजारच्या आजी हळूच विचारतात, 'कशात जीव अडकलाय हो यांचा?' ज्याला ग्रंथ आध्यात्मिक मूल्यमापन म्हणतात, ते बहुतांशी हेच. फरक इतकाच, की आजी हा प्रश्न शेवटच्या दोन दिवसांत आणि नातेवाइकांना विचारतात. आपण तो बराच आधी, खुद्द रुग्णाला विचारायचा आहे.

हे नव्या काळाचे फॅडही नव्हे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्याही पुढे डॉक्टर झाल्या. तीन वेगवेगळ्या भूमिकांमधून एकाच खाटेकडे पाहिल्यामुळे असेल, पण त्यांनी वेदनेची शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगे मानली आणि त्या एकत्रित दुखण्याला 'टोटल पेन' हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली पॅलिएटिव्ह केअरची जी व्याख्या केली, तिच्यात शारीरिक आणि मनोसामाजिक त्रासांच्या शेजारी आध्यात्मिक त्रासाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले, तेही याच विचाराने. मात्र ग्रंथांत आहे म्हणून कुणी काही करत नाही. मी स्वतः हे शिकले ते मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या, तक्त्यावरून.

एका बाईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. वय साठीच्या अलीकडचे, गर्भाशयमुखाचा कर्करोग, कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला. दर चार तासांनी १० मिलिग्रॅमपासून सुरू केलेले तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आम्ही टप्प्याटप्प्याने ३० मिलिग्रॅमपर्यंत नेले, जोडीला नसांच्या दुखण्याचे औषध होते, आणि तरीही रात्रीतून चार-चार वेळा जादा डोस लागत होता. बाई गुंगीत असत आणि गुंगीतही कण्हत. आम्ही डोसच्या वेळा बदलल्या, बद्धकोष्ठ आहे का ते पाहिले, लघवी तुंबली आहे का ते तपासले. शेवटी आमच्या संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर म्हणाल्या, 'मॅडम, यांचं दुखणं दिवेलागणीला वाढतं. रोज.' मला अजून लाज वाटते, की आठवडाभर तो तक्ता पाहूनही माझ्या हे लक्षात आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि एवढेच विचारले, की घरी असता तर या वेळेला काय करत असता. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'दिवा लावत असते देवापुढं. पण आठ महिने झाले, देव्हाऱ्याला हात लावला नाही.' पुढचे तुकड्यातुकड्यांनी आले. पाळी जाऊन नऊ वर्षे झाली होती. तुळजापूरला देवीची ओटी भरायला गेल्या, दर्शन झाले, आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कपड्यांवर डाग दिसला. म्हणजे विटाळात आपण देवीसमोर उभ्या राहिलो, अशी त्यांची समजूत झाली. हे त्यांनी कुणालाही सांगितले नाही, सुनेलाही नाही. रक्त येतच राहिले, तो देवीचा कोप आहे असे धरून त्यांनी ते आठ महिने लपवले. आमच्याकडे आल्या तोवर आजार हाडापर्यंत गेला होता.

हे वाचणाऱ्या डॉक्टरांनी इथे क्षणभर थांबावे, कारण निदानाला झालेला उशीर आणि न हटणारी वेदना या दोन्ही अस्सल वैद्यकीय गोष्टींचे मूळ एकाच न विचारलेल्या प्रश्नात होते.

मी त्यांना विटाळाविषयी काही सांगितले नाही. माझी त्याबद्दलची मते ठाम आहेत. बाहेर मी ती बोलते, पण ती मांडण्याची जागा ती खाट नव्हे. मी फक्त मला ठाऊक असलेली गोष्ट सांगितली, की हे पाळीचे रक्त नाही; पिशवीच्या तोंडाला गाठ झाली आहे, तिची जखम झाली आहे आणि त्या जखमेतून रक्त येते; आणि ती गाठ तुळजापूरला जाण्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. मग विचारले, 'म्हणजे पडून गुडघा फुटतो, तसलं रक्त?' मी म्हणाले, 'तसलंच.' पुढचा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला आणि तो त्यांचाच असणे महत्त्वाचे होते.

त्यानंतरचे काम साधे, जवळजवळ गृहव्यवस्थेचे होते. रक्त थांबावे म्हणून किरणोपचारांचा छोटा कोर्स झाला, वास कमी व्हावा म्हणून मेट्रोनिडाझोल सुरू केले. शेजारच्या खाटेला ऑक्सिजन चालू होता, त्यामुळे वात पेटवण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाने बाजारातून सेलवर चालणारा दिवा आणला. बाईंना तो आधी आवडला नाही, दोन दिवसांनी चालवून घेतला. मॉर्फिनचा मूळ डोस काही कमी झाला नाही, कारण हाडातला कर्करोग होता तिथेच होता. मात्र रात्रीचे जादा डोस चारावरून एकावर आले आणि काही रात्री तोही लागला नाही. सात आठवड्यांनी त्या गेल्या. याला कुणी चमत्कार म्हणू नये. वेदनेच्या चार अंगांपैकी एकाला उशिरा का होईना औषध मिळाले, इतकेच.

अशा वेळी मी काय करत असे, हेही सांगायला हवे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी मला विचारले होते, 'मी काय पाप केलं, ते तरी सांगा.' मी तत्परतेने उत्तरले, 'काका, असं काही नसतं, हा आजार कुणालाही होतो.' वाक्य शास्त्रशुद्ध होते. त्यानंतर ते माझ्याशी पोट साफ झाले की नाही यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या मनात एक नेमकी गोष्ट होती, धाकट्या भावाच्या वाट्याची जमीन, हे मला त्यांच्या पत्नीकडून ते गेल्यावर कळले. तो भाऊ अठरा किलोमीटरवर राहत होता. 'मी काय पाप केलं' हा प्रश्न पुष्कळदा उत्तरासाठी नसतो. सांगायचे काही तरी आहे आणि ऐकणारा कोण आहे ते चाचपून पाहायचे आहे, म्हणून तो येतो. हल्ली मी उलट विचारते, 'असं का वाटतं तुम्हाला? काही डोक्यात आहे का?' आणि गप्प बसते. गप्प बसणे हे यातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते कोणत्याही परीक्षेत विचारत नाहीत.

विचारायचे कसे, याला तयार चौकटी आहेत. अमेरिकेतील डॉ. क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास मांडलेली 'फिका' ही प्रश्नावली सर्वाधिक वापरात आहे. रुग्णाची श्रद्धा कशावर, तिचे त्याच्या जगण्यात आणि आजारात महत्त्व किती, त्याला आधार देणारे माणसांचे वर्तुळ कोणते आणि उपचारांत आपण याची दखल कशी घ्यावी, असे तिचे चार टप्पे आहेत. चौकट चांगली आहे, पण तिचे शब्दशः भाषांतर करून 'तुम्ही स्वतःला आध्यात्मिक समजता का?' असे आपल्या वॉर्डात विचारले, तर रुग्ण बावचळतो आणि दोन्ही हात जोडून 'आम्ही आपले साधे माणसं' म्हणतो. मी विचारते ते असे: 'या सगळ्यात आधार कशाचा वाटतो?' 'घरी रोज करत होता आणि इथे आल्यापासून राहून गेलं, असं काही आहे का?' 'कुणाला भेटायचं, काही सांगायचं राहिलंय का?' कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांचा एक प्रश्न मी मराठीत जवळजवळ तसाच वापरते: 'तुमची नीट काळजी घ्यायची, तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं?' एका ट्रकचालकाने त्यावर उत्तर दिले होते, की मला उताणा झोपवून कुठेही नेऊ नका, मला समोरचा रस्ता दिसला पाहिजे. तेव्हापासून त्याला सोनोग्राफीला व्हीलचेअरवरून नेले.

वेळेबद्दल बोलायचे, तर साठ रुग्णांच्या ओपीडीत हे शक्य नाही आणि तिथे ते करूही नये. परंतु वॉर्डात दाखल झालेल्या गंभीर रुग्णाला यांतला एक प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि दहांपैकी सात-आठ जण 'काही नाही, सगळं बरं आहे' असेच म्हणतात. तिथे खोदत बसू नये. दार उघडे आहे हे त्याला कळले, की तो आपल्या सवडीने येतो. बहुधा रात्री अडीच वाजता, आणि तेव्हा समोर तुम्ही नसता, सिस्टर असते. उभ्याने विचारू नये, बसावे. नातेवाईक भोवती असताना विचारू नये, कारण जीव ज्यात अडकलेला असतो ते माणूस कित्येकदा त्या घोळक्यातच उभे असते.

यातला मोठा भाग बोलण्याचाही नसतो, व्यवस्थेचा असतो. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ शस्त्रक्रियेआधी काढायला सांगितली, की वॉर्डात हमखास वाद होतो. ज्याने पन्नास वर्षे ती क्षणभरही उतरवली नाही, त्याला आपण भूल देण्याच्या दहा मिनिटे आधी, तो सर्वांत घाबरलेला असताना, ती उतरवायला लावतो. ही माळ धातूची नसते. शस्त्रक्रिया मानेची नसेल तर भूलतज्ज्ञांना विचारून ती स्वच्छ पिशवीत घालून मनगटाला चिकटपट्टीने बांधता येते, आणि हे आदल्या दिवशी सांगितले की रुग्ण स्वतःच माळ काढून हातात देतो. एमआरआयसाठी मंगळसूत्र मात्र उतरवावेच लागते. तिथे हळकुंड बांधलेला दोरा चालतो का, असे एखाद्या आजींना विचारावे. तोडगा त्यांच्याकडे आपल्याआधी तयार असतो. रमजानमध्ये रोजा धरू पाहणाऱ्या रुग्णाला 'तुम्हाला जमणार नाही' असे तोडून सांगण्याऐवजी बारा तास पुरणाऱ्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात का ते पाहावे. आजारी माणसाला कुराणातच सवलत दिलेली आहे, पण ती आपण सांगण्यापेक्षा त्याच्या मशिदीतल्या मौलानांनी सांगितली की तो ती कमीपणा न वाटता स्वीकारतो.

शेवटच्या तासांत तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्याची घाई असते. गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते, हे खरे आहे, म्हणून सिस्टर नातेवाइकांना ओरडतात आणि त्या घराला तो ओरडा वर्षानुवर्षे लक्षात राहतो. गंगाजलात बोट किंवा कापूस बुडवून ओठ ओले करावेत, पान ओठांवर ठेवावे. तोंडात व्हेंटिलेटरची नळी असली तरी हे करता येते. मी नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवते, की गंगाजल असेल तर आणून ठेवा आणि द्यायच्या आधी मला हाक मारा.

एक इशारा इथेच द्यायला हवा. आडनाव, कपाळ किंवा गाव पाहून रुग्णाची श्रद्धा गृहीत धरू नये. आमच्याच वॉर्डात एका भल्या स्वयंसेविकेने प्रत्येक खाटेच्या डोक्याशी विठ्ठलाची तसबीर लावली होती. त्यांत एक खाट अशा आजोबांची होती, ज्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. ते कुणाला काही बोलले नाहीत, फक्त त्या भिंतीकडे पाठ करून झोपू लागले, आणि आम्ही दोन दिवस त्यांच्या कुशीवर झोपण्याचे कारण फुप्फुसात शोधत होतो. विचारल्यावर कळले, की भन्तेंनी येऊन त्रिशरण-पंचशील म्हणावे असे त्यांना वाटत होते. तसबीर निघाली, भन्ते आले, आजोबा उताणे झोपू लागले. स्वयंसेविकेला वाईट वाटले; तिचीही समजूत काढावी लागली.

भोगाची कल्पना हा वेगळा आणि अधिक अवघड भाग आहे. 'हे भोग आहेत, भोगूनच संपवायचे, औषधाने दाबले तर पुढच्या जन्मी परत येतील,' असे म्हणून मॉर्फिन नाकारणारे रुग्ण मी बरेच पाहिले आहेत. कर्मसिद्धान्तावर वाद घालून एकही रुग्ण गोळी घेत नाही. मी एवढेच विचारते, की शेजारच्या खाटेवरचा माणूस असा तळमळत असता आणि औषध तुमच्या हातात असते, तर तुम्ही दिले असते का. बहुतेक जण 'दिलं असतं की' म्हणतात आणि मग स्वतःशीच काही तरी जुळवतात. काही जण तरीही नाकारतात. शुद्धीवर असलेल्या, सगळे समजून नाकारणाऱ्या माणसाचा तो अधिकार आहे, मात्र मी रोज नव्याने विचारते, कारण सोमवारचा नकार गुरुवारी टिकेलच असे नाही. आणि हा नकार खिन्नतेच्या आजारातून येत नाही ना, हे तपासल्याखेरीज त्याला श्रद्धेचे नाव देऊ नये. झोप, भूक आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांची चौकशी करावी. डिप्रेशन असेल तर त्यावर औषध आहे.

आता अंधश्रद्धेचा मुद्दा. तुमची भीती रास्त आहे आणि महाराष्ट्रात तर ती विसरून चालणार नाही, कारण ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी यासाठी आयुष्य वेचले आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ज्यांची पुण्यात हत्या झाली, ते आपल्याच व्यवसायातले होते. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. माझी रेघ साधारण त्याच ठिकाणी आहे. उपचारांच्या शेजारी बसणारी श्रद्धा मी बसू देते; उपचारांची जागा घेऊ पाहणारी किंवा पैसे मागणारी श्रद्धा वॉर्डाबाहेर. अंगारा उशाखाली चालेल, जखमेवर नाही आणि पोटातही नाही. दंडाचा गंडा सलाईनच्या आड येत नसेल तर राहू द्यावा. कुठल्याही महाराजांना रुग्णाने स्वतः बोलावले असेल तरच आत सोडावे. नातेवाइकांची हौस ही रुग्णाची गरज नव्हे.

आणि आपण स्वतः प्रार्थनेला औषधाच्या पंक्तीत बसवू नये. याची चाचणी झालेली आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यांत प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, म्हणजे फरक नाहीच. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यांत हे प्रमाण ५९ टक्के निघाले. 'माझी प्रकृती इतकी वाईट आहे का, की हे लोक प्रार्थनेला बसले?' असे त्यांना वाटले असावे, असा एक तर्क आहे, आणि आपल्या लोकांना ओळखून असल्यामुळे मला तो पटतो. म्हणून बाईंच्या दिव्याने त्यांचा आजार हटेल असे मी कधी म्हणाले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. दिवा हा त्यांच्या दिवसाचा भाग होता आणि तो आजाराने हिरावून घेतला होता.

आपल्या स्वतःच्या श्रद्धेचे काय करायचे, हेही ठरवून ठेवावे. 'डॉक्टर, तुम्ही देव मानता का?' असे रुग्ण विचारतात. खोटे बोलू नये आणि लांबण लावू नये. एका वाक्यात खरे ते सांगून 'तुमचं काय?' असे परत फेकावे, कारण त्याला बोलायचे असते ते स्वतःविषयी. 'तुम्हीच आमचे देव' हे वाक्य आले, की मात्र मी लगेच हात जोडून नको म्हणते. त्यात विनय नाही, सावधगिरी आहे: देवपण एकदा स्वीकारले, की आजार हाताबाहेर गेल्यावर त्या माणसाचा डॉक्टरही जातो आणि देवही.

देव न मानणाऱ्यांच्या गरजांकडे तर कुणाचेच लक्ष नसते. एका निवृत्त शिक्षकांनी देहदानाचा अर्ज भरला होता आणि कोणतेही विधी नकोत असे स्पष्ट सांगितले होते. ते गुंगीत गेल्यावर घरच्यांनी त्यांच्या हाताला दोरे बांधले. मी ते कापले नाहीत. त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सरांचे शब्द आठवून दिले आणि तिने स्वतः ते सोडले. देहदान प्रत्यक्षात नातेवाइकांच्या सहकार्याशिवाय होत नाही, त्यामुळे हे संभाषण माणूस बोलता असतानाच सगळ्यांना समोर बसवून व्हायला हवे. त्या सरांच्या बाबतीत ते झाले होते, म्हणून निभावले.

आयसीयूत दोन प्रसंग वारंवार येतात. एक म्हणजे 'पंचक लागलंय, दोन दिवस मशीनवर ठेवा.' मृत्यूची वेळ पंचांगाप्रमाणे बसवणे आपल्या हाती नाही आणि तेवढ्यासाठी कुणाचा त्रास लांबवणार नाही, हे मऊ शब्दांत पण पहिल्याच दिवशी सांगावे. पंचकात मृत्यू झाला तर काय करायचे याची सोय गुरुजींकडे असते, आणि त्यांना फोन लावून देणे हा माझ्या मते उत्तम वैद्यकीय सल्ला आहे. दुसरा प्रसंग म्हणजे रुग्णाला कोपऱ्यात वारलेली आई दिसू लागते, आणि घरचे म्हणतात, न्यायला आलेत. आधी डॉक्टरसारखे वागावे. जंतुसंसर्ग, वाढलेले कॅल्शियम, मूत्रपिंडाची स्थिती, तुंबलेली लघवी, औषधांचा परिणाम हे सारे तपासावे, कारण यांतले बरेच काही सुधारता येते. रुग्ण घाबरत असेल तर हॅलोपेरिडॉल या भास कमी करणाऱ्या औषधाचा लहान डोस द्यावा. सगळे तपासून झाल्यावरही आई दिसत असेल आणि रुग्ण तिच्याशी शांतपणे बोलत असेल, तर मी औषध लिहीत नाही. खुर्ची थोडी बाजूला घेते.

हे सगळे एकट्या डॉक्टरने करायचे नाही. पाश्चात्त्य रुग्णालयांत यासाठी नेमलेले धर्मसेवक असतात. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या मिशनच्या संस्था सोडल्या, तर ती पद्धत रुजलेली नाही, आणि इतक्या धर्म-पंथांच्या वॉर्डात ती तशीच्या तशी बसणारही नाही. तुमच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहेत, त्यांना या कामात सामील करून घ्या. गावातले कीर्तनकार, मौलाना, फादर, भन्ते यांचे फोन नंबर त्यांच्या वहीत असावेत. वॉर्डातल्या मावशींना मात्र विसरू नका. कोण रात्री रडते, कुणाला भेटायला येणारा मुलगा दारातूनच परत जातो, हे त्यांना आपल्या केसपेपरपेक्षा जास्त माहीत असते. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि सुरुवात कुठून करायची, असे तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: केसपेपरवर लिहायला लागा. जे लिहिले जात नाही ते पुढच्या पाळीला पोहोचत नाही. 'रुग्णाची श्रद्धा: हिंदू' असले लिहून उपयोग नाही, तो रकाना नोंदणीच्या खिडकीवर आधीच भरलेला असतो. कुणी काय करायचे ते लिहावे, औषधाच्या डोसइतके नेमके. त्या बाईंच्या उपचारपत्रकावर मॉर्फिनच्या खाली मी शेवटचे सात आठवडे एक ओळ रोज पुढे उतरवत होते: 'स्वच्छता व पॅड बदलणे सायंकाळी साडेसहाच्या आत उरकावे. सात वाजता दिवा. त्या वेळी रक्त तपासायला जाऊ नये.'